पाळीव अजगराला किती मोठे भक्ष्य द्यावे?

डोके इतके लहान असताना अजगराला एवढा उंदीर गिळता येईल का, ही आपली शंका स्वाभाविक आहे. परंतु भक्ष्याचे माप ठरवताना डोक्याकडे पाहू नये. अजगराच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढच्या टोकाशी हाडाने जुळलेले नसून लवचीक अस्थिबंधाने जोडलेले असतात, त्यामुळे तो डोक्यापेक्षा बराच रुंद प्राणी गिळू शकतो. पाहायचे ते शरीराच्या सर्वांत जाड भागाकडे: भक्ष्याची जाडी त्याच्याइतकी किंवा किंचित अधिक असावी, आणि गिळल्यानंतर तेथे हलकासा फुगवटा दिसला की माप योग्य समजावे.

वजनकाटा असेल तर अंदाज अधिक नेमका होतो. बॉल पायथन या पाळीव म्हणून ठेवल्या जाणाऱ्या आफ्रिकी अजगराच्या वाढत्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के, तर प्रौढाला ५ टक्क्यांच्या आसपास भक्ष्य पुरते. म्हणजे २०० ग्रॅमच्या पिल्लाला २० ते ३० ग्रॅमचा उंदीर. प्रौढाला दर आठवड्याला मोठे भक्ष्य देण्याचा मोह मात्र कृपया टाळावा, कारण बंदिस्त जागेत राहणाऱ्या अजगराला लठ्ठपणा खरोखरच घातक ठरतो.

भक्ष्य फार मोठे असले, पिंजरा पुरेसा उबदार नसला किंवा खाल्ल्यावर लगेच हाताळले गेले, तर अजगर ते ओकून टाकू शकतो. असे झाल्यास पुन्हा खायला घालण्याची घाई न करता किमान १० ते १४ दिवस थांबावे आणि त्यानंतर नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे. ओकणे पुन्हा घडले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला दाखवावे.