डाव्या हाताला कॉर्ड (एकदम दाबायचे तीनेक स्वर) येत नाहीत, तरी कीबोर्डवर ऑटो रिदम लावून गाणं वाजवता येईल का?

हो, येतं की, आणि तीन-तीन बोटं जमायची वाट बघत बसू नका. यामाहावर एसीएमपीचं (आपोआप साथीचं) बटण दाबलं किंवा कॅसिओवर कॅसिओ कॉर्ड मोड लावला की डावीकडच्या पट्ट्या कॉर्डसाठी राखीव होतात, मग तिथे नुसती पांढरी एक म्हणजे सी दाबली की सी मेजर कॉर्ड, आणि रिदम चालू केलेला असला की तालाबरोबर बेससकट सगळं आपोआप वाजतं. मायनर (जरा उदास वाटणाऱ्या) कॉर्डचीच गडबड होते कारण दोन्ही कंपन्यांची पद्धत वेगळी, कॅसिओत मूळ स्वराच्या उजवीकडची कुठलीही एक पट्टी जोडीला दाबायची आणि यामाहात डावीकडची सगळ्यात जवळची काळी.

सुरुवातीला सी, एफ, जी एवढ्यावरच राहा, टेम्पो ७० च्या आसपास. बोट सारखं दाबून धरायची गरज नसते, पुढचा कॉर्ड येईपर्यंत आधीचाच चालू राहतो, पण बदल मात्र समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे, जरा उशीर झाला तरी कानाला लगेच खटकतं. केरवा असेल तर चार मात्रांची स्टाईल आणि दादऱ्याला सहा आठ घ्या, इथेच बरेच जण चुकतात आणि मग गाणं तालात बसत नाही म्हणून सोडून देतात हो, फार वाईट वाटतं बघून! गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे त्याचा सा, काळी दोन असेल तर ट्रान्सपोज (सगळे स्वर वर-खाली सरकवायची सोय) प्लस ३ करा, बोटं तीच.