गारपिटीनंतर आभार कशाचे मानू?

प्रश्न : मावशी, निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मण्यांत पाणी उतरलं होतं, व्यापारी बाग बघून गेला होता, आणि पंधरा मिनिटांच्या गारपिटीत सगळं गेलं. सोसायटीचं कर्ज तसंच आहे. पप्पा रोज मांडवाखाली जाऊन बसतात, कुणाशी बोलत नाहीत. पुढच्या रविवारी चर्चमध्ये शेजारच्या मळ्यातल्या काकांनी साक्ष दिली, "प्रभूनं माझी बाग राखली." मी उठून बाहेर आले. मग आमची का नाही राखली? आता आई जेवणाआधी "बापा, तुझे उपकार मानतो" म्हणते, तेव्हा माझ्या तोंडून आमेन निघत नाही. खोटे आभार मानू का?
– एक वाचक, निफाड

उत्तर : पोरी, खोटे मानू नकोस. पप्पांसमोर खोटं हसलीस तर त्यांना कळतं ना, तसंच आहे ते.

तुला कुणीतरी पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रातलं वचन ऐकवलं असणारच : "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." नीट वाच. 'स्थितीत' म्हटलंय, 'स्थितीबद्दल' नाही. गारांबद्दल आभार मान असं कुणी सांगितलं तर ऐकू नको, मग तो पाळक असो की सख्खी मावशी.

मी नाशिकच्या शरणपूरला राहते. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकेतली पोरं इथल्या मिशन शाळेत शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत परत गेला, तिथं वारलेले मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शवपेटीबरोबर लंडनपर्यंत पोचला. 1874 साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पेटीला हात देणाऱ्यांत तो होता. संध्याकाळी चर्चकडे चालत जाताना ती पोरं मला हमखास आठवतात. सुटकेबद्दल आभार, हो. पण आईबापांपासून तोडलं त्याबद्दल? ते देव त्यांच्याकडून मागत असेल असं मला वाटत नाही.

काकांना आभार मानू दे, त्यांचं पीक वाचलंय. पण त्यांची राखली म्हणजे तुमची टाकली, असा हिशोब येशूनं कधी केला नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, तेव्हा त्यानं विचारलं, ती काय इतरांहून जास्त अपराधी होती? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. लूकचा 13वा अध्याय काढून आईला वाचून दाखव. तिच्याही मनात तो काटा असेल. तुमचीच बाग का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कुणी दिलं तरी घेऊ नको.

आमचे हे गेले त्या वर्षी उपकारस्तुतीचं पाकीट, म्हणजे आभाराचं दान घालून चर्चमध्ये द्यायचं ते, मी तीन महिने कोरंच बायबलमध्ये ठेवलं होतं. त्यावर 'कारण' अशी ओळ असते ना : वाढदिवस, दहावीचा निकाल, आजारातून उठणं. मला लिहायला काही सुचेना. रात्री मात्र रोज भांडायचे. मोठ्यानं. ते भांडण भिंतीशी नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पलीकडे कुणीतरी ऐकतंय म्हणूनच आवाज चढायचा. नशिबावर कोण रुसतं? तू उठून बाहेर आलीस ना, ते बापावरचं रुसणं आहे.

त्या दिवसांत समोरच्या वहिनी रोज पिठलं-भाकरीचा डबा आणून द्यायच्या. वरच्या खणात, कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा असायचा. जेवणानंतर मला गूळ लागतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनीच कधीतरी बोलता बोलता सांगितलं असणार. चौथ्या महिन्यात पाकिटावर लिहिलं, 'गुळाचा खडा', आत 21 रुपये घातले. चर्चमध्ये ते मोठ्यानं वाचताना सेक्रेटरी अडखळले, मग पुन्हा नीट वाचलं. ह्यांच्यानंतर चर्चमध्ये मी पहिल्यांदा रडले ती तेव्हा. तेवढे आभार खरे होते. मरणाबद्दल तेव्हा मानले नाहीत, आजही मानत नाही. भेट होईल तेव्हा प्रभूला विचारणार आहे.

म्हणून जेवणाआधी आईचं झालं की तुझं एक वाक्य म्हण. "बापा, मी रागावले आहे," एवढंच असलं तरी चालेल. स्तोत्रसंहितेत 13वं स्तोत्र असंच किती वेळ, किती वेळ म्हणत सुरू होतं. 88वं तर अंधारातच संपतं. तीही देवाच्या पुस्तकात आहेत, कुणी काढून टाकली नाहीत. दिवसात एखादी गोष्ट खरंच हाताला लागली तर तिच्याबद्दल आभार मान. नाही लागली तर गप्प बस, आईचा हात धरून.

पप्पांजवळ मांडवाखाली जाऊन बस. प्रार्थनेचा आग्रह नको. गारांनी काड्यांना जखमा झाल्या असतील, बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचा फवारा, मारायचा राहिला असेल तर पुढच्या वर्षीची काडीही जाईल. ते साक्ष देणारे काका आहेत ना, त्यांना सांग. फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन या म्हणावं. बागाईतदार माणूस आहे, नाही म्हणणार नाही.