वाचक विचारतात : नाताळ 25 तारखेला संपतो कुठे?

प्रश्न : डिसेंबर लागला की साफसफाई, खरेदी, पाहुणे, ऑफिसची वर्षअखेर. रोज रात्री कुटुंबप्रार्थना करायची ठरवतो, चार दिवसांत मोडते. नाताळच्या संध्याकाळी लक्षात येतं, प्रभूजन्माचा विचार राहूनच गेला.

उत्तर : मोडते ती बहुतेक वेळा आळसामुळे नाही, बेत मोठा असतो म्हणून. गीत, वाचन, प्रार्थना, मुलांना प्रश्न, सगळे हजर. रात्री दहाला एवढं कुणालाच झेपत नाही. दहा मिनिटं ठरवा आणि ती झोपेला न बांधता जेवणाला बांधा, ताटं वाढण्याआधी. एखादा माणूस नसला तरी खंड पाडू नका. सगळे जमण्याची वाट पाहण्यातच प्रार्थना बुडते.

वाचायला लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र सांगणारं पुस्तक, घ्या. त्याचे 24 अध्याय आहेत. 1 डिसेंबरपासून रोज एक वाचला, तर नाताळच्या आदल्या दिवशी पुनरुत्थानापाशी पोहोचता. गव्हाणीतलं बाळ पुढे कोण झालं, हे मग सांगत बसावं लागत नाही. अडचण एकच : पहिलाच अध्याय 80 ओव्यांचा आहे आणि बरीच घरं तिथंच गारद होतात. 30 नोव्हेंबरला सुरुवात करून त्याचे दोन भाग करा. 38व्या ओवीशी, देवदूताच्या निरोपाला मरीयेने दिलेल्या होकाराशी, थांबायला चांगली जागा आहे.

मेणबत्त्या लावत असाल तर आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, चार रविवारांच्या चार : तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी. आगमनकाळ वर्षानुसार 22 ते 28 दिवसांचा असतो. दर रविवारी एक वाढते, त्यामुळे पहिली मेणबत्ती रोज जळते, म्हणजे दहा मिनिटांच्या हिशेबाने साधारण पावणेचार ते पावणेपाच तास. बारीक मेणबत्त्या घेतल्या की तिसऱ्या आठवड्यात पहिलीचं बूड दिसतं. मेणबत्त्यांभोवती हिरव्या पानांचं चक्र असेल तर त्याची पानं तोवर वाळून पेटायला टेकलेली असतात, ती दर रविवारी बदला.

आता खरी गोष्ट. उपासनेच्या पंचांगात 25 डिसेंबर हा नाताळचा पहिला दिवस आहे, शेवटचा नव्हे. तिथून 5 जानेवारीपर्यंत बारा दिवस, आणि 6ला प्रकटीकरणाचा सण (एपिफनी), पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आले त्याचा. आपण मात्र सगळं आधीच्या तीन आठवड्यांत कोंबतो आणि 26ला सजावट उतरवतो. एका कागदावर दोन रकाने करा : ‘24च्या आत झालंच पाहिजे’ आणि ‘नंतर चालेल’. भेटीगाठी, शुभेच्छांना उत्तरं, लांबच्या नातेवाइकांच्या भेटवस्तू दुसऱ्या रकान्यात बिनदिक्कत टाका. पहिल्या रकान्यात पाचाहून जास्त कामं उरली, तर त्यातलं एखादं काम फक्त लोक काय म्हणतील म्हणून तिथे आहे. ते खुशाल खोडा.

प्रश्न : मुलांना नाताळ म्हणजे भेटवस्तू एवढंच कळतं. काय करावं?

उत्तर : भेटवस्तू बंद करून काही साधत नाही, मुलं फक्त हिरमुसतात. त्यांच्या हातात गव्हाणी द्या. इटलीतल्या ग्रेच्यो गावी 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी प्रभूजन्माचा देखावा मांडला, तेव्हा गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव एवढंच आणलं होतं. घरीही तसंच करा : गव्हाणी आधी रिकामी ठेवा आणि बाळ 24च्या रात्री, लूक 2:1-20 मोठ्याने वाचून झाल्यावर, घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून ठेवा. वाचायला तीन-चार मिनिटं लागतात. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ या शब्दांनंतर जरा थांबा, मुलं आपणहून विचारतात.

मागी, म्हणजे पूर्वेकडून नजराणे घेऊन आलेल्या त्या ज्ञानी लोकांच्या, मूर्ती गोठ्यात ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि 25पासून रोज थोड्या पुढे सरकवा. 6 जानेवारीला त्या पोहोचतील. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते ‘घरात’ गेल्याचं म्हटलं आहे आणि ते किती जण होते हे सांगितलेलंच नाही. ही गंमत मुलांना शोधायला लावा. तेव्हाच एखादी भेट दिली, तर मागींच्या नजराण्याशी तिचा धागा जुळतो.

प्रश्न : आमची धावपळ चर्चचीच आहे. गायनवृंद, नाटिका, सजावट. देवाचंच काम करून मन कोरडं पडतं.

उत्तर : एकच जबाबदारी घ्या, बाकीच्यांना नोव्हेंबरातच नकार कळवा, डिसेंबरातला नकार दुसऱ्यांची पंचाईत करतो. तालमीच्या सुरुवातीला, सूर लावण्याआधी, गीताचे शब्द नुसते वाचा. चाल पाठ झाली की शब्द ऐकू येईनासे होतात. आणि पहाटेच्या व रात्रीच्या उपासनांपैकी एकीत काहीही काम न घेता मागच्या बाकावर जाऊन बसा.