अमेरिकेतले पुरोगामी ख्रिस्ती बायबल बाजूला ठेवून पुरोगामी झालेत का?

तुम्ही विचारलंय की बातम्यांत अमेरिकेतले श्रद्धाळू ख्रिस्ती म्हणजे ट्रम्प, बंदुका, गर्भपातबंदी आणि स्थलांतरितांचा तिटकारा असंच दिसतं. मग हे 'पुरोगामी ख्रिस्ती' नेमके कोण, आणि बायबल गुंडाळून ठेवल्याशिवाय तसं होता येतं का?

मी मूळचा नगरचा. घरात चार पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म, आणि बरीच वर्षं मुक्काम नॉर्थ कॅरोलायनात. इथे दर रविवारी ज्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, जातो तिला तुम्ही पुरोगामीच म्हणाल. तिथली माणसं बायबल वाचतात म्हणून तशी आहेत, हे माझं उत्तर. आता सविस्तर सांगतो.

इथले पुरोगामी प्रवचनकार जिम वॉलिस यांची गोष्ट थेट तुमच्या प्रश्नावरचीच आहे. १९७० च्या सुमारास ते शिकागोजवळच्या एका इव्हँजेलिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या संस्थेत, शिकत होते. इव्हँजेलिकल म्हणजे बायबलचा अधिकार आणि प्रत्येकाचं वैयक्तिक तारण यांवर भर देणारे प्रॉटेस्टंट. तिथल्या काही विद्यार्थ्यांनी ठरवलं की गरिबी, संपत्ती आणि अन्याय यांबद्दल बायबलमध्ये जिथे जिथे काही आहे ते सगळं शोधायचं. वचनं निघतच राहिली. मग त्यांच्यातल्या एकाने एक जुनी प्रत आणि कात्री घेतली आणि ती सगळी वचनं कापून काढली. संदेष्ट्यांची पुस्तकं जवळजवळ संपली, स्तोत्रांच्या चिंध्या झाल्या, मरियेचं गीत गेलं. हातात उरली ती भोकाभोकांची, सुटत चाललेली प्रत. वॉलिस ती घेऊन प्रवचनाला जायचे आणि वर धरून सांगायचे की बंधुभगिनींनो, हे आपलं अमेरिकन बायबल. त्याच गटाने १९७१ मध्ये जे मासिक सुरू केलं, ते पुढे 'सोजर्नर्स' म्हणून ओळखलं गेलं आणि आजही चालू आहे.

बायबल बाजूला कोण ठेवतंय, हा वाद इथे तेव्हापासून उघडपणे चालू आहे.

उजव्या ख्रिस्ती राजकारणाबद्दल एक गोष्ट भारतात फारशी माहीत नसते. ते स्वतःला सनातन परंपरा म्हणून मांडतं, पण संघटित रूपात ते माझ्या पिढीइतकंच जुनं आहे. व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे बाप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' स्थापन केली १९७९ मध्ये. गर्भपाताला घटनात्मक संरक्षण देणारा रो विरुद्ध वेड निकाल त्याआधी सहा वर्षं, १९७३ मध्ये लागला होता. तो लागला तेव्हा सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे देशातला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट पंथ, फारसा पेटून उठला नाही. १९७१ मध्ये त्यांनीच ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका असेल तर गर्भपाताची कायदेशीर मुभा असावी.

मग ठिणगी कुठे पडली? शाळांच्या करसवलतीवर. दक्षिणेत सरकारी शाळांत काळी-गोरी मुलं एकत्र बसू लागल्यावर गोऱ्यांनी खासगी 'ख्रिस्ती अकादम्या' काढल्या. वंशभेद करणाऱ्या संस्थेला करसवलत मिळणार नाही, असं १९७१ मध्ये न्यायालयाने सांगितलं. साऊथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाने काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रेमसंबंधांवरची बंदी उठवायला नकार दिला आणि १९७६ मध्ये त्याची सवलत गेली. विद्यापीठ सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी हरलं. ती बंदी त्यांनी उठवली थेट २००० मध्ये. उजव्यांचे मुख्य संघटक पॉल वायरिक यांनी पुढे स्वतःच सांगितलं की पाळकांना राजकारणात उतरवलं ते शाळांच्या या भांडणाने. गर्भपाताचा मुद्दा त्यात मागून आला, आणि आल्यावर मात्र सगळ्यांत ताकदवान ठरला. कॅथलिक लोक त्यावर आधीपासूनच प्रामाणिकपणे लढत होते, हेही सांगायला हवं. गर्भपाताला विरोध करणारा प्रत्येक जण ढोंगी आहे असं मी मानत नाही. माझ्या मंडळीतही त्यावर एकमत नाही.

आणि या आघाडीने १९८० मध्ये हरवलं कुणाला? जिमी कार्टर यांना. संडे स्कूलमध्ये शिकवणारा, स्वतःला उघडपणे 'नव्याने जन्मलेला' म्हणवणारा सदर्न बाप्टिस्ट. त्यांच्या जागी आले रोनाल्ड रेगन, ज्यांनी डॅलसच्या मेळाव्यात पाळकांना सांगितलं होतं की तुम्ही मला पाठिंबा जाहीर करू शकत नाही, पण मी तुम्हाला करतो. कार्टर नंतर जॉर्जियातल्या आपल्या प्लेन्स गावी परतले आणि नव्वदी उलटल्यावरही रविवारी शिकवत राहिले. बाईने पाळक होऊ नये असं कन्व्हेन्शनने २००० मध्ये लिहून टाकलं, त्या वर्षी कार्टर यांनी कन्व्हेन्शनशी नातं तोडलं. स्वतःची मंडळी आणि हातातलं बायबल मात्र सोडलं नाही. पुरोगामी ख्रिस्ती म्हणजे कोण, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला सुचत नाही.

काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तर कुणाकडून काही परत मिळवायची वेळच आली नव्हती. गुलामगिरीच्या काळापासून त्यांनी निर्गमाचं पुस्तक, म्हणजे गुलामीतून सुटकेची बायबलमधली गोष्ट, स्वतःची कथा म्हणून वाचलं. धर्मतत्त्वज्ञ हॉवर्ड थर्मन लहानपणी आजीला बायबल वाचून दाखवत. आजी गुलामीत जन्मलेली, तिला वाचता येत नव्हतं. स्तोत्रं चालत, यशया चाले, शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा हवी असत. बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं मात्र ती वाचू देत नसे. अपवाद फक्त करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीचा तेरावा अध्याय. थर्मन मोठे झाल्यावर तिने कारण सांगितलं: मालकाचा गोरा पाळक गुलामांसमोर नेहमी 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हेच पौलाचं वचन घ्यायचा. तिने तेव्हाच ठरवलं होतं की सुटका झाली आणि वाचता आलं, तर तो भाग वाचायचा नाही. या म्हातारीने बायबल बाजूला ठेवलं असं कोण म्हणेल? तिने ते अन्याय करणाऱ्याच्या हातून काढून घेतलं. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनचा जन्मच १८४५ मध्ये गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी होता यावं की नाही या भांडणातून झाला, आणि त्याबद्दलची माफी आली १९९५ मध्ये. दीडशे वर्षं त्यांच्याही हातात तेच बायबल होतं. म्हणून समलिंगी माणसांबद्दल 'बायबल स्पष्ट आहे' असं कुणी ठामपणे सांगितलं की मला ही आजी आठवते.

आता मी स्वतः पाहिलेलं. २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने गरिबांच्या मेडिकेड आरोग्य विम्याचा विस्तार नाकारला, बेरोजगार भत्ता कापला आणि मतदान अवघड करणारा कायदा पुढे रेटला. गोल्ड्सबरोचे पाळक रेव्हरंड विल्यम बार्बर यांनी एप्रिलच्या अखेरीपासून दर सोमवारी राज्याची राजधानी रॅले इथल्या विधिमंडळात जाऊन प्रार्थना करायची आणि अटक करून घ्यायची असं सुरू केलं. पहिल्या दिवशी सतरा जण होते. उन्हाळा संपेपर्यंत अटकेचा आकडा नऊशेच्या पुढे गेला. लोक याला 'मॉरल मंडे' म्हणू लागले.

मी तेव्हा व्हिसावर होतो, त्यामुळे आत गेलो नाही. इमारतीमागच्या 'हॅलिफॅक्स मॉल' नावाच्या मोकळ्या हिरवळीवर गाणाऱ्यांत उभा असायचो. आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त पाळकबाई आत जाणार होत्या, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी घड्याळ आणि अंगठी काढून नवऱ्याच्या खिशात टाकली, ब्लडप्रेशरची गोळी पाण्याबरोबर आधीच घेतली, मनगटाच्या वर पेनाने वकिलाचा नंबर लिहून घेतला आणि गळ्यातली स्टोल, म्हणजे पाळकांची पट्टी, नीट केली. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा हात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले होते आणि पोलिसांच्या बसकडे जाताना ओठ हलत होते. आम्ही जे गात होतो तेच त्या गात होत्या. बार्बरना हाडांचा जुना आजार आहे, मान वळत नाही, काठीशिवाय चालता येत नाही. त्यांचा आवडता उतारा यशयाचा दहावा अध्याय: अन्यायाचे कायदे करून गरिबांचा न्याय बुडवणाऱ्यांचा धिक्कार असो. ते नेहमी म्हणतात की उजवे पाळक देव ज्यावर फार कमी बोलला त्यावर फार बोलतात, आणि देव ज्यावर फार बोलला त्यावर फार कमी.

पुढे तो मतदान कायदा २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने रद्द केला. काळ्या मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने लक्ष्य केलं, असं निकालपत्रात लिहिलंय. मेडिकेडचा विस्तार १ डिसेंबर २०२३ रोजी लागू झाला, सुमारे सहा लाख लोक पात्र झाले. हे फक्त चर्चमुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्यात वकील होते, डॉक्टर होते, शेवटी रिपब्लिकन आमदारही आले. पण ती दहा वर्षं प्रश्न जिवंत ठेवणाऱ्यांत ही माणसं होती. बार्बर यांनी २०१८ मध्ये रेव्हरंड लिझ थिओहॅरिस यांच्याबरोबर 'पुअर पीपल्स कॅम्पेन' पुन्हा उभी केली. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ मध्ये मारले गेले तेव्हा ते याच नावाच्या मोहिमेच्या तयारीत होते.

त्याच २०१८ च्या एप्रिलमध्ये पुरोगामी ख्रिस्ती कार्यकर्ते शेन क्लेबोर्न आणि त्यांचे सोबती लिंचबर्गला गेले. फॉलवेल यांनी स्थापलेलं लिबर्टी विद्यापीठ तिथेच आहे, आणि तेव्हाचे अध्यक्ष, म्हणजे त्यांचे चिरंजीव, ट्रम्प यांचे खंदे समर्थक होते. क्लेबोर्न यांनी कळवलं की आवारात येऊन तुमच्याबरोबर प्रार्थना करायची इच्छा आहे. विद्यापीठाच्या पोलिसांचं पत्र आलं: पाऊल ठेवलंत तर अटक होईल. एका ख्रिस्ती विद्यापीठाने प्रार्थनेच्या विनंतीला असं उत्तर द्यावं, याचं मला आजही दुःख होतं.

बिशप मॅरिअन बडी यांचं प्रवचन तुम्ही कदाचित पाहिलं असेल. २१ जानेवारी २०२५, वॉशिंग्टनचं नॅशनल कॅथेड्रल, समोर पहिल्या रांगेत नवे राष्ट्राध्यक्ष. त्यांनी हळू आवाजात दया मागितली: घाबरलेल्या समलिंगी आणि ट्रान्स मुलांसाठी, शेतात राबणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या, हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या स्थलांतरितांसाठी. आधार दिला तो परक्याला जवळ करा, कारण आपणही कधीकाळी परके होतो, या आज्ञेचा. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी माफीची मागणी केली. बडी यांनी ती मागितली नाही.

आता बाजू कमजोर कुठे आहे तेही सांगतो. संख्या घटतेय. प्यू संस्थेच्या पाहणीत मेनलाइन प्रॉटेस्टंट, म्हणजे जुने मुख्य प्रवाहातले पंथ, ज्यांत पुरोगामी मंडळ्या बऱ्याच आहेत, २००७ मध्ये प्रौढांच्या १८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ११ टक्के. इव्हँजेलिकल २६ वरून २३ वर आले आणि कोणताच धर्म न सांगणारे १६ वरून २९ वर गेले. युनायटेड मेथडिस्ट चर्चने मे २०२४ मध्ये समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली, पण त्याआधी या वादात देशातल्या जवळजवळ चतुर्थांश मंडळ्या बाहेर पडल्या. शिवाय मेनलाइन चर्चमध्ये पाळक पुरोगामी आणि बाकांवरची माणसं निम्मी-अर्धी उजवी, हे चित्र नेहमीचं आहे.

माझी स्वतःची तक्रार आणखी एक आहे. काही पुरोगामी चर्चमध्ये येशूचं नाव घ्यायलाही संकोच वाटू लागलाय. प्रवचन ऐकावं तर एखाद्या पक्षाचं पत्रक वाचल्यासारखं. उजव्यांनी जे केलं तेच उलट्या दिशेने करून श्रद्धा परत मिळत नाही. बार्बर यांचा आवाज पोचतो कारण त्या माणसाला प्रार्थना करताना कुणी पाहिलं तर त्याला शंका राहत नाही.

तुम्ही मराठी आहात म्हणून हेही सांगतो. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन हे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल लोकांचं. मिस फरार यांची नगरची मुलींची शाळा त्याच मिशनची, जी पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक त्यांचंच, आणि ना. वा. टिळकांनी काम केलं तेही त्यांच्याबरोबर. हेच काँग्रिगेशनल १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये विलीन झाले, आणि त्या चर्चने १९७२ मध्येच उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला पाळकपदाची दीक्षा दिली. आमच्या घरात ज्या झाडाची फांदी आली, त्या झाडाला अमेरिकेत हे फळ आलंय.

तुम्ही कधी इकडे आलात आणि अशी मंडळी शोधायची असेल, तर फलकावर 'ओपन अँड अफर्मिंग' लिहिलंय का पाहा, म्हणजे तिथे समलिंगी माणसांचंही खुलं स्वागत असतं. मेथडिस्ट असतील तर त्याच अर्थाने 'रिकन्सायलिंग'. पण फलकावर थांबू नका. कुठल्या दिवशी धान्यवाटप असतं आणि तिथे मदतीला येऊ का, असं आधी फोन करून विचारा, आणि त्या दिवशी जा. रविवारच्या उपासनेला त्यानंतर जा.