‘फिंगर्स क्रॉस्ड’ला होकार समजू नकोस

तू पाठवलेली ईमेल वाचली. ब्रिटनमधल्या लीड्सच्या कंपनीतल्या बाई लिहितात, ‘स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट पुढच्या आठवड्यात येईल, फिंगर्स क्रॉस्ड.’ आणि तू विचारतोस, नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, तर पुण्यातला राजीनामा आत्ताच टाकू का? नको टाकूस.

तर्जनीवर मधलं बोट चढवायचं, की झाले फिंगर्स क्रॉस्ड. अर्थ एवढाच: व्हावं असं वाटतंय, पण माझ्या हातात नाही. आपण देव पाण्यात घालून बसतो ना, त्याच जातीतलं. फक्त तेवढं जिवावरचं नाही. पाऊस थांबावा म्हणूनही इथे लोक हेच म्हणतात. १९९४मध्ये सुरू झालेल्या इथल्या नॅशनल लॉटरीचं चिन्हच बोटावर बोट चढवलेला हसरा हात आहे. लॉटरीचं! यातच काय ते आलं.

बाई तुला फसवत नाहीयेत. परदेशातून कामाला येणाऱ्या माणसाच्या व्हिसासाठी लागणारं ते सर्टिफिकेट कंपनीला होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे, मागावं लागतं, म्हणजे मामला खरंच त्यांच्या हाताबाहेरचा आहे. सर्टिफिकेट मिळालं की ३ महिन्यांच्या आत तू व्हिसाचा अर्ज करायचा. निकाल साधारण ३ आठवड्यांत येतो. पण रुजू होण्याच्या तारखेआधी ३ महिन्यांहून लवकर अर्ज करता येत नाही, त्यामुळे निकाल हातात आल्यावर राजीनामा दिलास तर तुझे ९० दिवस यात नीट बसत नाहीत. नोटीस कमी करून मिळेल का, पैसे भरून सुटता येईल का, ते एचआरला आधीच विचारून ठेव. आणि कंपनीचं नाव होम ऑफिसच्या स्पॉन्सर यादीत, म्हणजे परवानाधारक कंपन्यांच्या यादीत, आहे ना? यादी सगळ्यांना खुली आहे, आजच बघ.

मी आलो तेव्हा घराच्या एजंटने ‘शुक्रवारी किल्ल्या, फिंगर्स क्रॉस्ड’ म्हटलं आणि मी जुनी खोली सोडून मोकळा झालो. पुढचे नऊ दिवस मित्राच्या सोफ्यावर काढले, बॅगा त्याच्या बाथरूमच्या दारात.

हे शब्द स्वतः वापरताना एक काळजी घे. जे आपल्याच हातात आहे, त्याला हे लावायचं नाही. ‘रिपोर्ट सोमवारी देतो, फिंगर्स क्रॉस्ड’ असं मी एकदा लिहिलं, तर मॅनेजर विचारत आली, काही अडचण आहे का?

बाईंना ‘फिंगर्स क्रॉस्ड हिअर टू’ असं बेलाशक लिही. त्याखालीच विचार, होम ऑफिसकडे अर्ज कुठल्या तारखेला गेला?