1845 नंतर 72 इंचांहून मोठी दुर्बीण व्हायला 1917 साल का उजाडले?

आयर्लंडमधील बर येथे खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांनी 1845 साली 72 इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली, तरी तिच्याहून मोठी दुर्बीण होण्यास 1917 पर्यंत का थांबावे लागले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते याचे मुख्य उत्तर आरशाच्या धातूत आहे. मी स्वतः हौसेने काचेचा सहा इंची आरसा घासून दुर्बीण तयार केली असल्याने या विषयाबद्दल मला विशेष आस्था आहे.

त्या काळी मोठे आरसे स्पेक्युलम नावाच्या मिश्रधातूचे करीत. त्यात साधारण दोन भाग तांबे आणि एक भाग कथील असे. आपल्याकडील काशाच्या भांड्यांतही हेच दोन धातू असतात, परंतु स्पेक्युलममध्ये कथील बरेच जास्त असल्यामुळे तो पांढरा, चकचकीत आणि अतिशय ठिसूळ होतो. ओतीव आरसा असमान थंड झाला की तडकतो. म्हणून रॉस यांनी साच्याचा तळ लोखंडी पट्ट्या उभ्या रचून तयार केला, जेणेकरून वायू खालून निघून जावा आणि धातू तळाकडून थंड होत जावा. दलदलीतून काढून वाळवलेले पीट (कुजलेल्या वनस्पतींचे इंधन) जाळून 1842 साली पहिला 72 इंची आरसा ओतण्यात आला आणि नंतर तो भट्टीत तब्बल सोळा आठवडे हळूहळू निवू दिला. त्याचे वजन सुमारे तीन टन होते. वाफेच्या इंजिनावर चालणारे घासण्याचे यंत्रही रॉस यांनीच योजले होते. एप्रिल 1845 मध्ये याच दुर्बिणीतून त्यांनी एम 51 या, आज दीर्घिका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेजोमेघाची सर्पिल रचना प्रथम पाहिली. त्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ सुरू झाला आणि वेधकार्य मागे पडले.

खरी अडचण पुढे होती. स्पेक्युलम जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश परावर्तित करतो आणि दमट हवेत काळवंडतो. काळवंडलेला आरसा पुन्हा घासावा लागतो, आणि घासताना त्याचा काळजीपूर्वक साधलेला वक्र आकारच बिघडतो, म्हणजे दर वेळी आरसा जवळजवळ नव्यानेच करावा लागतो. यासाठीच रॉस यांच्याकडे दोन आरसे होते. एक दुर्बिणीत असताना दुसरा घासला जात असे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांच्या 1789 सालच्या 48 इंची दुर्बिणीचीही हीच व्यथा होती, आणि त्यांनी आपले बरेचसे काम लहान आरशाच्या, वीस फूट लांबीच्या दुर्बिणीवरच केले. शिवाय रॉस यांची नळी दोन उंच भिंतींच्या मध्ये असल्याने आकाशातील एखादी ज्योती थोडा वेळच दृष्टिक्षेपात राहत असे.

1850 च्या दशकात जर्मनीतील श्टाइनहाइल आणि फ्रान्समधील फुको या शास्त्रज्ञांनी काचेवर रासायनिक रीतीने चांदीचा पातळ थर चढवून आरसे केले. चांदी काळी पडली तर ती धुऊन काढून नवा थर देता येतो, काचेच्या आकाराला धक्का लागत नाही. माझ्या दृष्टीने दुर्बिणीच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक बदल होय. तरीही मेलबर्नच्या 1869 सालच्या 48 इंची दुर्बिणीसाठी धातूचाच आरसा निवडण्यात आला; डब्लिनहून नेताना वाटेत जपण्यासाठी दिलेला लाखेचा थर काढताना त्याचा पृष्ठभाग बिघडला आणि तिथे पुन्हा घासण्याची वेळ आली. ही दुर्बीण डब्लिनच्या ग्रब या दुर्बीणकारांनी घडवली होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील, पुढे 1912 साली कोडाईकनालला गेलेली वीस इंची दुर्बीणही त्यांच्याच कारखान्यातील.

मोठी, निर्दोष काच ओतणेही सोपे नव्हते. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या 100 इंची आरशासाठी फ्रान्समध्ये ओतलेली काच साडेचार टनांच्या आसपास होती, आणि 1917 साली तिच्यामुळेच रॉस यांचा विक्रम मागे पडला. बर येथील दुर्बिणीची 1990 च्या दशकात पुनर्बांधणी झाली. 1999 साली तिच्यात बसवलेला आरसा मात्र स्पेक्युलमचा नसून अ‍ॅल्युमिनियमचा आहे.