व्रणावर फुलं काढली तर ते लपवणं होतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्या मोठ्या बहिणीची केमो चालू आहे, केस गेलेत, छातीवर ऑपरेशनचा व्रण आहे. ती स्वतःच म्हणाली माझं चित्र काढ. स्केच झालं पण व्रणाशी आल्यावर हातच धजेना, मग तिथे वेली, फुलं, सोनेरी पानं काढत बसले. आता वाटतंय मी तिचा आजार झाकतेय का? आणि असं कल्पनेतलं काढलेलं चालतं का?

उत्तर : कल्पनेतलं चालतं गं, अगदी चालतं. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं १९४४ चं ‘द ब्रोकन कॉलम’ बघ. १९२५ मधे बसच्या अपघातात तिचा कणा मोडला होता आणि या चित्रात तिने स्वतःचं धड मधोमध उघडं दाखवलंय, आत कण्याच्या जागी तडे गेलेला दगडी खांब, अंगभर खिळे, वरून कॉर्सेटचे (कण्याला आधार द्यायला धडाभोवती बांधतात ते) पांढरे पट्टे. खरं तर यातलं डॉक्टरला फक्त कॉर्सेटच दिसलं असतं, पण दुखतंय कुठे आणि कसं ते त्या खांबामुळेच कळतं, म्हणजे कल्पना इथे दुखण्याच्या जागेवरूनच निघालीये.

तुझं तिथेच चुकलं असं मला वाटतं. फुलं काढलीस म्हणून नाही, व्रण न बघताच काढलीस म्हणून. ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टने १९०७ मधे काढलेलं आडेले ब्लॉख-बाउअर या बाईचं पोर्ट्रेट बघ, एवढं सोनं पण चेहरा, खांदे, हात यांच्यावर ते चढत नाही, कडेला येऊन थांबतं, त्यामुळे कातडी उलट जास्तच उघडी आणि नाजूक वाटते.

तेव्हा आधी फक्त व्रण काढ, नक्षी नंतर. ताजा असेल तर गुलाबी-लालसर आणि थोडा चकचकीत दिसतो, कडेची कातडी ओढल्यासारखी, टाक्यांचे ठिपकेही दिसतील कदाचित. डोळ्यांखाली काळा रंग घेऊ नकोस हं, चेहरा मेल्यासारखा दिसतो, पातळ जांभळ्यात किंचित हिरवट मिसळ आणि एकच हात दे. मग वेल त्या व्रणाच्या रेषेतूनच फुटू दे किंवा त्याच्या कडेने जाऊ दे, पण रेषा दिसली पाहिजे.

पहिल्या फटक्यात जमणार नाही, रडूही येईल. नॉर्वेचा चित्रकार मुंक, त्याची बहीण सोफी १८७७ मधे क्षयाने गेली, पंधरा वर्षांची होती, आणि १८८५-८६ मधे त्याने ‘द सिक चाइल्ड’ काढलं तेव्हा रंग लावायचा, खरवडायचा, परत लावायचा असं किती वेळा केलं, ते ओरखडे कॅनव्हासवर अजून दिसतात, आणि तेवढ्यावर न थांबता तोच विषय त्याने एकूण सहा वेळा रंगवला.

आणि एक, फुलं कुठली आणि कुठे ते बहिणीलाच विचार. शरीर तिचं आहे. ती कदाचित म्हणेल छातीवर काही नको, डोक्यावर काढ, तर डोक्यावर काढ आणि व्रण तसाच ठेव.